अनुभव धागा : डोंगरावरचा मध्ययुगीन किल्ला, त्याचा मनोरा आणि वरून दिसलेलं

सोनचाफा

नमस्कार मंडळी,

शिक्षण-नोकरीसाठी बाहेर गेलेला मराठी माणूस नव्या देशात जरा स्थिरावला की किल्ला शोधायला लागतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. राजगड-तोरण्याची सवय असलेल्या पायांना डोंगर दिसला की वर काहीतरी असणारच असं वाटतं. युरोपात तर पुष्कळदा ते असतंही. म्हणून हा धागा. ज्या डोंगरी किल्ल्याच्या मनोऱ्यावर किंवा टेहळणीच्या जागेवर तुम्ही स्वतः उभे राहिलात, त्याबद्दल लिहा.

विनंती एकच. "नजारा अप्रतिम होता" एवढ्यावर थांबू नका. वरून काय दिसलं ते लिहा, आणि तिथे पहारा देणारा माणूस कोणावर किंवा कशावर नजर ठेवून असायचा तेही लिहा. मला स्वतःला याच प्रश्नाचं वेड लागलंय, आणि ते ल्युब्लियानाच्या किल्ल्यावर लागलं.

ल्युब्लियाना ही स्लोव्हेनियाची राजधानी. शहराच्या अगदी मधोमध झाडीनं भरलेली टेकडी आहे आणि तिच्यावर किल्ला. जुन्या बाजाराच्या गल्लीतून पायवाटेनं निघालं की निवांत चाललं तरी पाऊण तासाच्या आत माणूस वर. २००६ पासून रुळांवरून चढणारी छोटी गाडीही आहे. किल्ल्याचं आजचं रूप मुख्यतः १५ व्या शतकापासून पुढचं. त्या काळात इकडे तुर्कांच्या धाडी पडत होत्या, त्यामुळे इथल्या हॅब्सबुर्ग राजघराण्यानं तो नव्यानं बांधून घेतला. आतलं सेंट जॉर्जचं चॅपेल १४८९ मधलं आहे. त्याच्या छतावर नंतरच्या काळात प्रांताच्या अधिकाऱ्यांची मानचिन्हं रंगवली, ती मान वर करून सावकाश बघावीत.

मनोरा मात्र मध्ययुगातला नाही. तो १८४८ चा. आत लोखंडी दुहेरी गोल जिना आहे. वर पोचल्यावर उत्तरेला कामनिकच्या आल्प्सची बर्फाची रांग, दक्षिणेला दलदलीचा सपाट पट्टा, आणि थेट पायाखाली लाल कौलांची दाटी दिसते. इतकी दाट, की दोन छपरांमधली गल्ली वरून दिसतच नाही. इथला पहारेकरी बघत असायचा ती आग. शहरात कुठे धूर दिसला की तो तोफ उडवून लोकांना सावध करायचा. हे वाचून मी पुन्हा खाली बघितलं आणि त्या सुंदर कौलांकडे मला त्याच्या नजरेनं बघता आलं. एक घर पेटलं तर पुढचं किती वेळात पेटेल?

या किल्ल्यानं १९ व्या शतकात तुरुंगाचं काम केलं. १९०५ मध्ये तो नगरपालिकेनं विकत घेतला, आणि पुढे कित्येक वर्षं गरीब कुटुंबं तिथे भाड्यानं राहत होती. राजधानीच्या डोक्यावरचा किल्ला, आणि त्यात लोकांचे संसार. मला हा भाग लढायांपेक्षा जास्त जवळचा वाटला.

आता तुम्ही लिहा.

न्यूर्नबर्गवासी

सोनचाफा, तुमचा प्रश्न आमच्या गावाला तंतोतंत लागू पडतो. इथे तर शत्रूवर नाही, शेजाऱ्यावर नजर ठेवायला मनोरा बांधला होता.

न्यूर्नबर्गचा किल्ला जुन्या शहराच्या उत्तर टोकाला वालुकाश्माच्या लांबट कातळावर आहे. बाजारचौकातून दगडी फरसबंदीचा चढ सुरू होतो, आणि शेवटच्या वळणावर तटाखालचा तांबूस कातळ उघडा दिसतो. कातळ कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली हे कळायला जवळ जाऊन सांधे बघावे लागतात. आपल्याकडे कडा तासून त्यावर तट चढवलेला असतो तिथे हीच गंमत असते.

लांबून एकच किल्ला वाटतो, पण मुळात इथे दोन सत्ता नांदत होत्या. पश्चिमेला सम्राटाचा किल्ला. १०५० ते १५७१ या काळातला प्रत्येक पवित्र रोमन सम्राट इथे मुक्कामाला आलेला आहे. १३५६ च्या फर्मानानुसार नव्या राजानं आपली पहिली राजसभा न्यूर्नबर्गला भरवायची असा नियमच झाला. पूर्वेला बुर्गग्राफाचा किल्ला. बुर्गग्राफ म्हणजे सम्राटानं नेमलेला किल्लेदार, आणि ही किल्लेदारी होएनझोलर्न घराण्याकडे होती. याच घराण्यातून पुढे प्रशियाचे राजे आणि जर्मनीचे कैसर झाले. किल्लेदार बळजोर होत चालला आणि खाली व्यापारावर श्रीमंत झालेलं शहर त्याला जुमानेना. मग १३७७ मध्ये शहरानं त्याच्या किल्ल्याला खेटून एक उंच मनोरा उभा केला. हेतू उघड होता, किल्लेदाराच्या अंगणात काय चाललंय ते दिसलं पाहिजे. १४२० मध्ये किल्लेदाराचा किल्ला जळाला आणि १४२७ मध्ये ते अवशेष शहरानंच विकत घेतले. त्या मनोऱ्याला लागून १४९५ च्या सुमारास धान्याचं प्रचंड कोठार बांधलं. सम्राट आला की तळमजल्यावर त्याचे घोडे बांधायचे. आज तिथे युवक वसतिगृह आहे आणि शाळांच्या सहली उतरतात.

तिकीट काढून चढता येतो तो मनोरा वेगळा, सम्राटाच्या बाजूचा. त्याचं नाव सिन्व्हेल. गोल, १३ व्या शतकातला, फुगीर तोंडाच्या ओबडधोबड दगडांचा. आत लाकडी जिना आहे आणि पावलांचा आवाज वरपर्यंत घुमतो. वरून सेबाल्ड आणि लोरेन्झ या दोन चर्चचे जोडमनोरे, खाली ड्यूररचं घर (१५०९ पासून मरेपर्यंत चित्रकार तिथे राहिला), आणि त्यापलीकडे उतरती लाल छपरं.

तिथे युद्धानंतरच्या शहराचे फोटो लावलेले आहेत. माझं पाऊल तिथेच थबकतं. २ जानेवारी १९४५ च्या रात्री बॉम्बफेक झाली आणि जुनं शहर जवळजवळ पूर्ण गेलं. फोटोत विटांचे ढीग, मधूनच उभी राहिलेली एखादी भिंत, चर्चचे सांगाडे. फोटोवरून नजर उचलून बाहेर बघितलं की तेच चर्च, त्याच गल्ल्या, आणि सगळ्यांवर छपरं. शहर जुन्याच रस्त्यांच्या आखणीवर पुन्हा बांधलं. आपण ज्याला जुनं म्हणून कौतुकानं बघतो त्यातलं बरंचसं आपल्या आजोबांच्या वयाचं आहे, हे तिथे समजतं. मला त्यामुळे ते कमी अस्सल वाटलं नाही. उलट, लोकांनी आपलं गाव ओळखीचं राहावं म्हणून किती कष्ट घेतले असतील याचा आदर वाटला.

मुलं बरोबर असतील तर मनोऱ्याशेजारची खोल विहीर चुकवू नका. किल्ल्यावर वेढ्याच्या वेळी पाणी देणारी हीच एक जागा. कातळात जवळपास ५० मीटर खोल खणलेली. वाटाड्या तांब्यातलं थोडं पाणी वरून सोडतो. घोळक्यातली मुलं आकडे मोजायला लागतात, मोठी माणसं गप्प होतात, आणि पुरेसा वेळ गेल्यावर तळाशी 'टप्प' ऐकू येतं. मग तो तबकात मेणबत्त्या लावून दोरीनं खाली सोडतो. उजेडाचं कडं लहान लहान होत जातं आणि भिंतीवरचे छिन्नीचे घाव एकेक करून दिसतात. माझ्या भाच्यानं घरी गेल्यावर मनोऱ्याबद्दल एक शब्द काढला नाही, विहिरीबद्दल आठवडाभर बोलत होता.

दंतकथा हवी असेल तर पंचकोनी बुरुजाजवळच्या कठड्यावर घोड्याच्या टापांचे ठसे दाखवतात. एप्पेलाइन नावाचा लुटारू सरदार फाशीच्या आधी शेवटची इच्छा म्हणून घोड्यावर बसला आणि खंदकावरून उडी मारून निसटला म्हणे. १३८१ मध्ये त्याला दुसऱ्या गावी मारलं, हा मात्र इतिहास. "न्यूर्नबर्गवाले कोणाला फाशी देत नाहीत, आधी तो हाती लागला पाहिजे" अशी म्हण त्यावरून पडली. इथली माणसं ती आजही मजेत सांगतात.

पायवाट

घोड्याची उडी वाचून जर्मनीतल्याच क्योनिगश्टाइन किल्ल्याबद्दल लिहायलाच हवं. ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठानं लोकल जाते, तासाभराच्या आत गाव येतं. किल्ल्याचा उल्लेख १३ व्या शतकातला. मोठी तटबंदी १६ व्या शतकाच्या शेवटी सुरू झाली.

या किल्ल्याला वेगळ्या मनोऱ्याची गरजच नाही. नदीपासून सुमारे २४० मीटर उंचीवर सपाट माथ्याचा डोंगर, चारी बाजूंनी वालुकाश्माचे सरळ कडे आणि कड्याच्या काठाकाठानं तट. सह्याद्रीत फिरणाऱ्याला ही रचना नवी नाही. आपल्याकडे डोंगर हाच मनोरा असतो, म्हणून उंच बांधीव मनोरे आपल्या गडांवर फार थोडे. रायगडावर गंगासागराच्या काठचे मनोरे आहेत ते अपवाद, आणि तेही टेहळणीपेक्षा राजवाड्याच्या शोभेचे वाटतात. क्योनिगश्टाइनच्या तटावरून फेरी मारताना एल्बेचं मोठं वळण, नदीतल्या होड्या, पलीकडच्या काठावरचा लिलिएनश्टाइनचा डोंगर असं सगळं टप्प्याटप्प्यानं उलगडतं. पहाऱ्याचं काम नदीवर आणि बोहेमियाकडून (आजचा चेकिया) येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायचं. सॅक्सनीचे राज्यकर्ते संकटात इथे खजिना आणि कला हलवत.

पण मला बोलायचंय ते पाण्यावर, कारण न्यूर्नबर्गवासी यांनी विहिरीचा विषय काढला. क्योनिगश्टाइनची विहीर १५२ मीटरपेक्षा जास्त खोल आहे. १५६३ ते १५६९ अशी सहा वर्षं खाणकामगार ती खणत होते. आता आपल्या गडांचा विचार करा. बेसॉल्टच्या माथ्यावर एवढं खोल जाऊन झरा लागेल याची खात्री नाही, पाऊस मात्र चार महिने धो धो. म्हणून आपल्या लोकांनी खोल न जाता पसरट टाकी खोदली, पावसाचं पाणी धरलं, आणि खोदताना निघालेला दगड तिथेच तटाला आणि वाड्यांना वापरला. एकाच कामात पाणीही झालं आणि बांधकामही. तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा आणि खडक मऊ, त्यामुळे त्यांनी खाली जायची हिंमत केली. दोन्हीकडे गडाचं आयुष्य पाण्यानं ठरवलं. तटाची जाडी आणि तोफांची संख्या हे त्यानंतरचे हिशेब.

आणि ही गोष्ट ऐकाच. हा किल्ला कधीच हल्ल्यानं पडला नाही. १८४८ मध्ये धुराडी साफ करणारा एक तरुण, सेबास्टियन आब्राट्झ्की, कड्यातल्या एका उभ्या भेगेतून, पाठ एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला रेटत, कोणत्याही दोराशिवाय वर चढून गेला. धुराड्यात चढायची सवय कामी आली. वर पोचताच पहारेकऱ्यांनी पकडलं. ती भेग आज त्याच्या नावानं ओळखली जाते आणि गिर्यारोहक तिथून चढतात. तटावरून ती भेग पाहताना मला हिरकणीशिवाय दुसरं काही सुचलं नाही. आपल्याकडे त्या कड्यावर बुरूज बांधला म्हणतात. याला आधी कोठडीत टाकला.

करवंद

दोनच ओळी. चेस्की क्रुमलॉव्ह, दक्षिण बोहेमिया. मनोरा ५४ मीटर, पायऱ्या १६२, लाकडी आणि वर जाता जाता अरुंद. बाहेरून अंगभर रंगवलेला, १६ व्या शतकाच्या शेवटचं काम. वर गेल्यावर दिसतं की व्लटावा नदीनं गावाला करगोटा बांधावा तसा वेढा घातलाय आणि जमिनीची जेमतेम एक वाट मोकळी सोडलीय. खाली फिरताना हे मुळीच कळत नाही, दर थोड्या वेळानं पूल लागतो एवढंच जाणवतं. किल्ला त्या मोकळ्या वाटेच्या नाकावर बसलाय. सोनचाफा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नकाशा न उघडता मिळतं.

दरवाज्याच्या खंदकात अस्वलं पाळलेली आहेत, १८ व्या शतकापासूनची रीत. इथल्या रोझ्म्बेर्क घराण्याला आपण इटलीतल्या ओर्सिनींचे भाऊबंद आहोत असा अभिमान होता आणि त्या घराण्याचं चिन्ह अस्वल. मला खंदकातली अस्वलं बघून बरं वाटलं नाही, हे प्रांजळपणे सांगते. मनोऱ्यासाठी मात्र पुन्हा जाईन.

अमृतवेल

माझं माहेर नेवाशाचं. पैस खांबासमोर लहानपणापासून हात जोडलेले. त्यामुळे वार्टबुर्गला जाताना मनात एक वेगळीच ओढ होती.

जर्मनीच्या थुरिंगियात आयझेनाख नावाचं गाव आहे, संगीतकार बाखचं जन्मगाव. त्याच्या वरच्या डोंगरावर वार्टबुर्ग. परंपरेनं स्थापना १०६७ मधली सांगतात. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला धर्मसत्तेनं बहिष्कृत केलं, सम्राटानंही कायद्याबाहेर टाकलं, तेव्हा सॅक्सनीच्या राज्यकर्त्यानं (इलेक्टरनं) वाटेत त्याचं खोटं अपहरण घडवून आणलं आणि मे १५२१ मध्ये त्याला इथे लपवलं. त्यानं दाढी वाढवली, सरदाराचा वेष घेतला, नाव बदललं. आणि मग काही आठवड्यांत बायबलचा अख्खा नवा करार ग्रीकमधून लोकांच्या जर्मनमध्ये आणला. सप्टेंबर १५२२ मध्ये तो छापून बाजारात आला. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरीच्या रूपानं जे घडलं त्याच्याशी हे जोडून बघू नका असं मला कोणी सांगितलं तरी मी बघणारच.

त्याची खोली लहान आहे. लाकडी फळ्यांच्या भिंती, शेगडी, टेबल आणि टेबलापाशी पाय ठेवायला देवमाशाच्या मणक्याचं हाड. बाकी काही नाही. खिडकीतून जंगल. तिथून लिहिलेल्या एका पत्रात त्यानं आपला पत्ता 'पक्ष्यांच्या प्रदेशातून' असा दिला आहे. खिडकीपाशी उभं राहिलं की तो पत्ता पटतो. खाली सगळीकडे झाडांचे शेंडे आहेत.

आता मनोरा. अंगणाच्या टोकाला दक्षिणेचा मनोरा आहे, त्यावर चढता येतं. वरून एका बाजूला थुरिंगियाचं जंगल लाटालाटांनी दूर जातं आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचं सगळं अंगण दिसतं. लोक फोटो काढून उतरतात. उतरताना मनोऱ्याच्या पोटात बघा. तिथे जमिनीत एक भोक आहे आणि त्याखाली अंधारकोठडी. दार नाही, जिना नाही, माणसाला दोरानं खाली सोडायचे. फ्रिट्झ एर्बे नावाच्या शेतकऱ्याला १५४० मध्ये इथे टाकलं. त्याचा गुन्हा एवढाच की तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणं त्याला मान्य नव्हतं, माणसानं मोठं झाल्यावर समजून-उमजून तो घ्यावा असं तो म्हणायचा. त्यानं मत बदललं नाही. १५४८ मध्ये तो तिथेच मेला. विसाव्या शतकात कोठडीच्या भिंतीवर त्यानं कोरलेलं त्याचं नाव सापडलं.

म्हणजे बघा. ज्या किल्ल्यानं एका माणसाला त्याच्या मतासाठी आसरा दिला, त्याच किल्ल्यानं वीस वर्षांत दुसऱ्याला त्याच्या मतासाठी गाडलं. आणि दुसऱ्याला टाकणारे पहिल्याचे अनुयायी होते. ल्यूथरच्या खोलीसमोर रांग असते. मनोऱ्याच्या भोकापाशी कोणी क्षणभरही उभं राहत नव्हतं. मी उभी राहिले. जो कोणी जाईल त्यानं राहावं असं मनापासून वाटतं.

सोनचाफा

अमृतवेल, हे मला ठाऊक नव्हतं. दोनदा वाचलं.

मोगरा

सॅन मरिनोचं राहून जायला नको. इटलीच्या पोटातलं चिमुकलं प्रजासत्ताक, मोन्ते तितानो डोंगराच्या धारेवर एकामागोमाग एक तीन मनोरे. तेच तिन्ही त्यांच्या झेंड्यावर आहेत. पहिला ग्वायता, सगळ्यात जुना. दुसरा चेस्ता, सगळ्यात उंच जागी. दोन्हींत जाता येतं. मधली वाट धारेवरून आहे आणि पूर्वेचा कडा थेट तुटलेला. हवा स्वच्छ असेल तर रिमिनीचा किनारा आणि एड्रियाटिक समुद्र. याच रिमिनीचं मालातेस्ता घराणं सॅन मरिनोचं जुनं वैरी, म्हणजे पहाऱ्याची दिशा समुद्राकडचीच.

तिसरा मोंताले आत जाऊन बघता येत नाही. त्याचं दार जमिनीपासून कितीतरी वर आहे. शिडी ओढून घेतली की खालच्याला आत यायची वाटच नाही. फोटोसाठी सगळे पहिल्या मनोऱ्यावर गर्दी करतात, तिसऱ्यापर्यंत चालत जा. झाडी आहे, शांतता आहे, आणि ते अधांतरी दार बघितल्यावर मध्ययुगातली भीती म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा चांगलं समजतं.

वेरूळरस्ता

सगळे बाहेरचे किल्ले लिहायलेत, तर आमचा देवगिरी मी लिहितो. संभाजीनगरचा आहे, शाळेत असल्यापासून चढतोय.

इथे मनोरा आणि डोंगर दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी लक्षात घ्या. चांद मिनार खाली सपाटीवर, १५ व्या शतकातलं बहमनी काम, उंच आणि देखणा, पण त्यावर पर्यटकांना चढू देत नाहीत. खालून बघूनच पुढं जायचं. टेहळणीची खरी जागा डोंगरावरची बारादरी. शहाजहानच्या काळातली.

तिथवर जायला जे पार करावं लागतं तीच या किल्ल्याची खरी ताकद. आधी बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग कालाकोट. मग खंदक, कातळातच कोरलेला. खंदकाच्या वरची डोंगराची बाजू पार तासून काढलेली, पालीलासुद्धा धरायला जागा नाही असं आमच्याकडे म्हणतात. पुलावरून आत गेलं की अंधारी. नागमोडी भुयार, पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या, वटवाघळांचा उग्र वास. मशालवाला असला की तो मध्येच मशाल झाकतो, आणि आपला हात आपल्याला दिसत नाही. हजारोंची फौज घेऊन या, इथून एकेकट्यानंच पुढं सरकावं लागतं. न्यूर्नबर्गला शेजाऱ्यावर नजर ठेवायला मनोरा बांधला म्हणता. इथं बांधणाऱ्याला डोळ्यांपेक्षा अंधाराचा भरवसा जास्त होता.

बारादरीत पोचलं की खालचं सगळं एका नजरेत येतं. चांद मिनार, हत्ती हौद, जुन्या मशिदीतलं भारतमातेचं मंदिर, तिन्ही कोटांच्या रेषा, आणि शेतांतून वळत गेलेला अंबरकोटाचा तट. एवढा मोठा घेर फक्त वरूनच उमगतो. भिल्लम यादवानं १२ व्या शतकाच्या शेवटी इथं राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा यादवांची मोठी फौज बाहेर होती. वेढ्यात धान्य म्हणून वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं अशी कथा आहे, रामदेवरायाला शरण जावं लागलं. कडा तासला, खंदक खोदला, आणि कोठीत धान्य नाही. पायवाट पाण्याबद्दल म्हणाले तेच इथं धान्याबद्दल.

शिखराच्या खाली जनार्दनस्वामींची गुहा आहे, पादुका आहेत. स्वामी या गडाचे किल्लेदार, आणि नाथ महाराज पैठणहून त्यांच्याकडे शिकायला आले ते याच गडावर. हिशेबातली एका पैची चूक नाथांनी रात्रभर जागून काढली ती गोष्ट आम्हाला आजीनं सांगितलेली. बरेच जण बारादरी बघून तिथूनच माघारी फिरतात. तसं करू नका, वर जा. मेंढा तोफही बघा, मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे. तिची नळी ज्या दिशेला वळवता येते तिकडं बघितलं की सोनचाफाताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं : जवळपास चहूकडं.

उन्हाळ्यात दुपारी चढू नका, कातळ तापतो. पाणी खालूनच घ्या.

रातराणी

सगळेच अनुभव छान. आई-बाबांना घेऊन जर्मनी आणि स्लोव्हेनिया करायचं ठरतंय. आईचे गुडघे दुखतात. तिला खाली बसवून आपण वर जायचं हे मनाला पटत नाही. तिला काय दाखवता येईल?

न्यूर्नबर्गवासी

रातराणी, न्यूर्नबर्गला मनोऱ्याचा जिना आईंना झेपणार नाही, सरळ सांगतो. पण मनोरा सोडून किल्ल्याच्या आवारात एक मोकळी गच्ची आहे, तिला तिकीट नाही, आणि शहर तिथूनही पूर्ण दिसतं. बाजारचौकातून चालत येऊ नका, चढ आणि फरसबंदी दोन्ही गुडघ्यांना त्रासदायक. टॅक्सीनं शक्य तितकं वर या, राहिलेलं अंतर हळूहळू. बसायला कठडे आहेत. विहिरीचं प्रात्यक्षिकही फारसं न चढता बघता येतं, ते आईंना नक्की आवडेल.

सोनचाफा

आणि ल्युब्लियानाला रुळांवरची गाडी थेट किल्ल्यात नेऊन सोडते, मिनिटाभराचा प्रवास आहे. अंगणात यायला तिकीट लागत नाही, कॉफी मिळते, बाकं आहेत. मनोऱ्याचा लोखंडी जिना आईंनी टाळावा. तटावर जिथपर्यंत सपाट चालता येईल तिथवर न्या, आल्प्स तिथूनही दिसतील. सकाळची वेळ धरा, दुपारनंतर डोंगरांवर ढग उतरतात.